एकोणसाठ दिवसांचा महिना

१

दुसऱ्या महिन्याचा निळा स्तंभ तीन सेंटीमीटर चार मिलिमीटर उंच होता. त्याच्या डावीकडचा, पहिल्या महिन्याचा, दीड सेंटीमीटर. उजवीकडचा, तिसऱ्या महिन्याचा, तोही दीड. मी मोजपट्टी पुन्हा लावून पाहिली. छापताना कागद आकसला असता, तर तिन्ही स्तंभ आकसले असते.

आलेख माझ्याच अहवालातला होता, पान एकोणीस. खाली माझा लाल शिक्का होता : ज्येन रुओ-पिंग, प्रयोगशाळेचा पाणी-रसायन विभाग. अहवाल शुक्रवारी रवाना झाला होता आणि सोमवारी सकाळी मी तो पहिल्यांदा नीट पाहत होते. हे लिहायला मला आवडत नाही, पण ते खरं आहे.

जोडस्तंभालेख साधा होता. बारा महिने, प्रत्येकाचे दोन स्तंभ शेजारी-शेजारी. निळा स्तंभ म्हणजे चिंगलुनच्या खाडीत रोज सरासरी किती कालवं मेली. नारिंगी स्तंभ म्हणजे वरच्या कारखान्याच्या नाल्यातून किती तांबं खाडीत आलं. आमच्याकडे महिन्यांना नावं नाहीत, आकडेच आहेत. म्हणून आडव्या अक्षावर एक ते बारा. कालवांचा तक्ता गावच्या सोसायटीचा, तांब्याचा तक्ता नाल्यावरच्या यंत्राचा. आमच्या प्रोग्रॅमनं दोन्ही तक्ते महिन्याच्या आकड्यावर जोडले आणि चित्र काढलं.

चित्रात सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिली होती. पाचव्या महिन्यात निळा स्तंभ छताला भिडत होता. नारिंगी भिडत होता सहाव्यात. म्हणजे कालवं आधी मेली आणि कारखान्याची सांडपाण्याची टाकी नंतर फुटली. नंतरच्या गोष्टीनं आधीचं मरण कसं येईल? तेव्हा दोष शेतकऱ्यांचाच, त्यांनी खाडीत कालवांच्या माळा टांगायचे मांडव फार दाट बांधले, असं कारखान्याचं म्हणणं होतं. गुरुवारी जिल्हा समिती बसणार होती. अहवाल मान्य झाला की नाला आहे तिथेच राहणार आणि त्रेचाळीस घरांचे मांडव खाडीतून उपटले जाणार. चिंगलुनमध्ये कालवांशिवाय दुसरं काही पिकत नाही.

दुसऱ्या महिन्याकडे पाहायचं कोणालाच कारण नव्हतं. थंडीत या खाडीत रोज आठेक कालवं मरतात. गेली पाच वर्षं तेवढीच मरत आली आहेत.

या दुसऱ्या महिन्यात रोज सतरा मेली होती.

२

"ताई, सकाळी सकाळी मोजपट्टी?" यी-थिंग म्हणाली. "प्रोग्रॅममध्ये अक्षरशः एका ओळीत आकडा छापून मिळतो."

"मग छाप."

यी-थिंग सत्तावीस वर्षांची, तायपेईत वाढलेली. आमच्या तिघांच्या विभागातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात कमी दिवस राहणारी. पुढच्या महिन्यापासून ती दुसरीकडे जाणार होती. कुठे, हे तिनं सांगितलं नव्हतं, पण लिफाफ्यावरचं चिन्ह मी पाहिलं होतं. कारखान्याच्या मालकांचीच दुसरी कंपनी होती ती.

तिनं पडद्यावर प्रोग्रॅम उघडला. तो वाचताना मला बरं वाटलं, नीटनेटका होता. आधी दोन तक्ते वाचायचे. मग महिन्यावर जोडायचे. मेलेल्या कालवांची संख्या महिन्याच्या दिवसांनी भागायची. मग प्रत्येक आकड्याच्या डावीकडे निळा, उजवीकडे नारिंगी.

"हे काय आहे?" मी मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"पहारेकरी. दोन्ही तक्त्यांत बारा-बारा ओळी नसल्या तर तिथेच थांबायचं आणि बोंब मारायची. लोक काहीही पाठवतात हो ताई. एकदा एकानं जेवणाचं बिल पाठवलं होतं."

"आणि या वेळी बोंब मारली?"

"नाही. बारा ओळी आल्या. दिवसही बरोबर : एकतीस, अठ्ठावीस, एकतीस, तीस."

तिनं तक्ता उघडला. दुसरा महिना : दिवस अठ्ठावीस, मेलेली कालवं चारशे बहात्तर. मी कागदावर भागाकार केला. चारशे बहात्तर भागिले आठ. बरोबर एकोणसाठ.

"यी-थिंग, रोज आठच मेली असतील, तर या महिन्याला एकोणसाठ दिवस होते."

ती हसली. मग हसायची थांबली. "मी आकड्यांना हात लावलेला नाही. पाहा, प्रत्येक बदलाची नोंद राहते. पहिल्या दिवसापासून हेच आकडे आहेत. चारशे बहात्तर."

नोंदी खऱ्या होत्या. फाईल आली तीच अशी. प्रोग्रॅम निर्दोष होता आणि बहुतेक ती मुलगीही.

"तुला ही फाईल दिली कोणी?"

यी-थिंगनं माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं. पत्रपेटी उघडून तिनं पडदा माझ्याकडे वळवला.

"तुम्हीच, ताई."

३

मला आठवलं. वंग सरांनी जिन्यात मला एक पेनड्राइव्ह दिला होता. "सोसायटीच्या त्या लाइ चिटणिसानं टाइप करून दिलंय. पोरीकडे पाठवून दे." मी खुर्चीवर बसायच्या आधीच फाईल पुढे पाठवली होती. उघडली नव्हती. सरांच्या हातून आलेली फाईल मी सोळा वर्षांत कधीच तपासली नव्हती.

वंग मिंग-शिऊ आमचे प्रमुख. मी नवीन लागले तेव्हा त्यांनी माझा पहिला अहवाल परत केला होता, कारण एका आकड्यापुढे एकक नव्हतं. आलेखावर मोजपट्टी लावून पाहायची सवय त्यांचीच. माझे वडील गेले तेव्हा तीन दिवस त्यांनी माझे नमुने स्वतः तपासले आणि कोणाला कळू दिलं नाही. लोक आईवडिलांबद्दल बोलतात तशी मी त्यांच्याबद्दल बोलत असे.

त्यांच्या खोलीत चहाचं पाणी उकळत होतं.

"ये, रुओ-पिंग. बस."

"सर, कालवांच्या तक्त्यात दुसऱ्या महिन्याचा आकडा दुप्पट आहे."

"थंडीची लाट आली असेल." त्यांनी छोट्या पेल्यात चहा ओतला. "लाइनं टाइप केलंय, त्याला विचारायचं तर विचार. पण गुरुवारी बैठक आहे. वाद पाचव्या-सहाव्या महिन्याचा, तू दुसरा कशाला उकरतेस?"

"अहवालावर माझा शिक्का आहे म्हणून."

"म्हणूनच सांगतोय. आपण रसायनवाले. मी ताइचुंग शहरात वाढलो, तू डोंगरात. कालवांतलं आपल्याला काय कळतं?"

मी आलेख त्यांच्यासमोर ठेवला होता. त्यांनी तो उचलला नाही. त्याच्याकडे पाहिलंही नाही. आकडा चुकला म्हटल्यावर सर त्याच्याकडे पाहत नाहीत, असं मी पहिल्यांदाच बघत होते.

जागेवर येऊन मी खाडीच्या पाण्याच्या तापमानाच्या नोंदी काढल्या. दुसऱ्या महिन्यात पारा एकदाही सोळाच्या खाली गेलेला नव्हता.

लाट आलीच नव्हती.

४

मंगळवारी सकाळी ओहोटी होती, त्यामुळे चिंगलुनमध्ये पुरुष खाडीत होते आणि बायका सोलायच्या छपरात. पंधराएक जणी बुटक्या स्टुलांवर. पुढ्यात शिंपल्यांचे ढीग, हातात आखूड सुऱ्या.

"आल्या गं आल्या, प्रयोगशाळेच्या बाई!" आ-ग्वान मावशी ओरडली. पंच्याहत्तरीची आहे, पण आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. "आता काय न्यायचं राहिलंय? पाणी नेलंत, चिखल नेलात. आता आम्हालाच बाटलीत भरा."

"मावशी, लाइ काका कुठे आहेत?"

"मागे झोपलाय. म्हणायला हिशेब करतोय. बसा आधी. तोंड का असं उतरलंय? तुमच्या चित्रानं आमचं घर बुडवलं, आणि रडवेल्या तुम्ही?"

बाकीच्या हसल्या. मला हसता आलं नाही. मी तिच्या शेजारी बसले.

"मावशी, कालवं मरायला लागली तो दिवस आठवतो?"

"न आठवायला काय झालं? होड्यांच्या शर्यतीचा सण होता. पहाटे उठून मी बांबूच्या पानांत भाताच्या पुड्या बांधलेल्या, साठ. सून म्हणाली, चला, मांडवावर नेऊन देऊ. गेलो तर माळाच्या माळा तोंड उघडून पडलेल्या. साठ पुड्या तशाच राहिल्या. सणासुदीला कोणाच्या घशाखाली घास उतरतो का असं बघून?"

शर्यतीचा सण. पाचव्या चांद्र महिन्याची पाचवी तिथी. त्याला सुट्टी असते, त्यामुळे सरकारी तारीख माझ्या लक्षात होती. त्या वर्षी तो आला होता सहाव्या महिन्याच्या बावीस तारखेला. बावीस जूनला.

आमच्या आलेखात मात्र ती पाचव्या महिन्यात मेली होती.

"शनिवारी गावात भिंतीवर आमचं चित्र दाखवलं तेव्हा तुम्ही कोणी काही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? पाचव्यात निळा खांब आभाळाला टेकलेला. पाचव्यातच मेली ना? खरं ते खरं."

लाइ काका डोळे चोळत बाहेर आले. सोसायटीचे चिटणीस. लाइ काकांचा भाचा कारखान्यात फाटकावर नोकरीला आहे आणि त्यावरून गावात त्यांना टोमणे खावे लागतात, हे मला माहीत होतं.

"तक्ता? तो काय खिळ्याला." त्यांनी छपराच्या खांबाकडे बोट केलं. "मूळ कागद हाच. तुमच्याकडे याची झेरॉक्स दिली."

मोठा कागद, शाईनं, हातानं लिहिलेला. मी ओळी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. तेरा.

एक. दोन. मग लाल शाईत, 'अधिक दोन'. मग तीन. बाजूला दिवस : एकोणतीस, तीस, एकोणतीस, एकोणतीस, तीस. कुठेही एकतीस नाही, कुठेही अठ्ठावीस नाही. दुसऱ्या महिन्यात दोनशे एकेचाळीस मेलेली, अधिक दुसऱ्यात दोनशे एकतीस. बेरीज चारशे बहात्तर. दिवसांची बेरीज एकोणसाठ.

"हे चांद्र महिने आहेत," मी म्हणाले.

"मग कसले असणार?" लाइ काका माझ्याकडे दया आल्यासारखे बघत होते. "भरती-ओहोटी काय सरकारला विचारून येते? कालवांचं सगळं तिथीवर चालतं, बाई. त्या साली दुसरा महिना अधिक होता."

"टाइप कोणी केलं?"

"मी नाही. मला फोनवर नंबर दाबता येतो तेवढं बास."

खाली, आठव्या महिन्याच्या ओळीत, शाई पसरून आकड्याचा निळा डाग झाला होता. मी बोटानं चाचपला. आमच्या फाईलमध्ये आठव्या महिन्यासमोर स्वच्छ लिहिलं होतं, दोनशे एकसष्ट.

"काका, हा आकडा किती होता?"

"दोनशे एकसष्ट. झेरॉक्स काढायच्या आधीच त्यावर खारं पाणी उडालं. वहीत बघून सांगावा लागला."

"कोणाला सांगितलात?"

"तुमच्या साहेबांना. वंग साहेबांचा स्वतः फोन आला ना, टाइप करताना अडलंय म्हणून."

"मिंग-शिऊचा?" आ-ग्वान मावशीनं सुरी खाली ठेवली. "बरा फोन करतो. गावात पाऊल ठेवायला लाजतो मेला. या इथं, माझ्या उजव्या हाताला त्याची आई बसायची. चाळीस वर्षं. शाळेतून आला की तिथीच्या पाटीवर भरतीच्या वेळा तोच लिहायचा. अक्षर सुंदर होतं हो त्याचं."

५

परतीच्या बसमध्ये मी सरांना वाचवायचा प्रयत्न केला. शहरातला माणूस, घाईत, दोनदा आलेला दोनाचा आकडा पाहून बेरीज करून टाकतो : असं होऊ शकतं. पण सर शहरातले नव्हते. भरतीच्या वेळा लिहिणाऱ्या मुलाला अधिक महिना म्हणजे काय ते समजावून द्यावं लागत नाही.

आणि दिवसांचा रकाना होता. नजरचुकीनं एक आकडा बदलतो, दोन बदलतात. बेरीज करताना चूक झाली असती, तर दुसऱ्या महिन्यासमोर एकोणसाठ आले असते, आणि खाली एकोणतीस-तीस तसेच राहिले असते. इथे कोणीतरी पूर्ण रकाना पुसून सरकारी कॅलेंडरचे दिवस भरले होते. चंद्राचा माग पुसण्याशिवाय हे करायचं दुसरं कारण मला सापडलं नाही.

अधिक महिना सरळ वगळला का नाही, हेही कळलं. वर्षाची एकूण बेरीज सोसायटीनं आधीच जाहीर केली होती. ती जुळायला हवी होती. तेराव्या ओळीतली दोनशे एकतीस कालवं कुठेतरी ठेवावी लागणार होती. सरांनी ती जिथे कोणी पाहणार नाही तिथे ठेवली.

बुधवारी सकाळी मी यी-थिंगला सगळं सांगितलं. लाइ काकांच्या रोजच्या वह्या मी सोबत आणल्या होत्या. तिथीशेजारी सरकारी तारीख लिहिली, की प्रत्येक दिवस आपापल्या सरकारी महिन्यात जातो. ती वाचत गेली, मी लिहीत गेले. दुपारी दोनला तिनं तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला. एक अक्षरही बदललं नाही, फक्त तक्ता बदलला.

दुसऱ्या महिन्याचा स्तंभ खाली बसला. पाचवा बुटका झाला. सहाव्यात नारिंगी उठला आणि त्याच्या खांद्याला लागून निळा, आणि सातव्यात निळा आणखी वर. चौदा जूनला टाकी फुटली होती. आठ दिवसांनी माळांनी तोंडं उघडली होती.

"अरे देवा," यी-थिंग हळूच म्हणाली. मग, "ताई, पण सर का करतील असं?"

"मला माहीत नाही."

"टाकी पास कोणी केली होती?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे, टाकीला मजबुतीचा दाखला लागतो. मला तिकडच्या मुलाखतीत नियम पाठ करायला लावले होते." ती लाल झाली. "हो, मी त्यांच्याच कंपनीत चालले होते. सांगायला लाज वाटत होती."

दाखल्यांची कपाटं तळमजल्यावर आहेत. पाऊण तासात सापडला. तीन वर्षांपूर्वीचा दाखला : टाकी पुढची दहा वर्षं सुरक्षित. प्रत्यक्ष पाहणी करणारा तज्ज्ञ, वंग मिंग-शिऊ.

६

"बस," सर म्हणाले. चहा ओतलेला होता. मी बसले नाही. लाइ काकांचा कागद, आमची फाईल, नवा आलेख आणि दाखला, चारही मी त्यांच्या टेबलावर एका रांगेत ठेवले.

त्यांनी पहिले तिन्ही कागद पाहिले. दाखल्यावर नजर आली तशी ती तिथेच थांबली.

"टाइप करताना घोळ झाला असेल," ते म्हणाले. "डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत."

"आठव्या महिन्याचा डाग दिसला तेव्हा डोळे चांगले होते, सर. तुम्ही फोन करून आकडा विचारलात."

त्यांनी पेला थोडा बाजूला सरकवला.

"दिवसांचा रकाना तुम्ही बदललात. बाराच्या बारा."

"तो बदलला नसता तर पोरीनं दोन मिनिटांत ओळखलं असतं," ते सहज म्हणाले. माझ्या कामाचं कौतुक करताना त्यांचा असाच आवाज असायचा. "दुसऱ्या महिन्याचा स्तंभ मात्र माझ्या लक्षात यायला हवा होता. तू पट्टी लावलीस?"

"लावली."

"शाबास."

मला वाटलं मी रडेन. तसं काही झालं नाही.

"टाकीत उतरलो नव्हतो मी त्या दिवशी," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "गुडघा दुखत होता. वरून पाहिली आणि सही केली. एक दिवस, रुओ-पिंग. चौतीस वर्षांत एक दिवस."

"तुमची आई त्या छपरात बसायची."

"तिला मध्ये आणू नकोस."

"मी नाही आणली. आ-ग्वान मावशीनं आणली."

त्यांनी पेला उचलला, पण तो तोंडापर्यंत नेला नाही. मग ते पुढे वाकले. "ऐक. गुरुवारी नवा आलेख ठेव. टाइप करताना चूक झाली म्हण. समिती नवा आलेख मान्य करील, नाला बंद होईल, मांडव राहतील. गावाला जे हवं ते मिळेल. यात कोणाचं नाव यायची गरज नाही."

"चूक म्हटलं की कोणाची ते विचारतील. फाईल यी-थिंगच्या यंत्रावर आहे."

"ती तर जातेच आहे."

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. मग जो प्रश्न मी तीन दिवस बाजूला ठेवला होता तो विचारला.

"पेनड्राइव्ह माझ्याच हातात का दिलात, सर? तुम्ही स्वतः तिला पाठवू शकला असता."

"तुझ्याकडून आलेले आकडे कोणी तपासत नाही," ते म्हणाले. "तुझं नावच तसं आहे. मी घडवलंय ते."

मी कागद गोळा केले. दाराशी असताना त्यांनी विचारलं, "काय करणार आहेस?"

"माहीत नाही," मी म्हणाले. आणि मला खरंच माहीत नव्हतं.

७

गुरुवारी जिल्हा कार्यालयाच्या सभागृहात मागच्या तीन रांगा चिंगलुनच्या बायकांनी भरल्या होत्या. आ-ग्वान मावशी सणाचा सदरा घालून आली होती. सर समितीच्या टेबलाशी, डावीकडून दुसरे. त्यांनी मला नमस्कार केला. मीही केला.

सकाळी बसमध्ये मी मनाशी ठरवलं होतं की चूक म्हणायचं. जिना चढताना ठरवलं की तसं म्हणायचं नाही. खुर्चीवर बसल्यावर पुन्हा पहिलंच बरं वाटू लागलं. सोळा वर्षं मोठी असतात. आणि गावाला तर दोन्ही वाटांनी न्याय मिळणारच होता.

मी जुना आलेख भिंतीवर लावला, मग नवा. तेरा ओळींचा कागद दाखवला. चांद्र महिने आणि सरकारी महिने एकाच आकड्याखाली कसे आले ते सांगितलं. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली, मग कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "म्हणजे आम्ही खरंच बोलत होतो की!" आणि आ-ग्वान मावशी तिच्यावर खेकसली, "गप बस, बाईंना बोलू दे."

कारखान्याचे वकील उठले. "म्हणजे प्रयोगशाळेचे आकडेच बेभरवशाचे. आज हा आलेख, उद्या आणखी तिसरा."

अध्यक्षबाई चष्म्यावरून माझ्याकडे पाहत होत्या. त्या शांत आणि काटेकोर होत्या; वेगळ्या परिस्थितीत आमची मैत्री झाली असती.

"मुद्दा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "नवा आलेख मान्य करायचा तर जुना कसा बिघडला ते समितीला कळायला हवं. फाईल कोणी हाताळली?"

"प्रोग्रॅम माझा होता," यी-थिंग माझ्या शेजारून म्हणाली. ती उभी राहिली होती. "फाईल माझ्याकडेच होती."

अध्यक्षबाईंनी लेखणी उचलली. "म्हणजे चूक तुमच्याकडून झाली?"

यी-थिंगनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती समोर पाहत राहिली आणि तिनं होकारार्थी मान हलवायला सुरुवात केली.

"खाली बस, यी-थिंग," मी म्हणाले.

मग मी उठले. सर माझ्याकडेच बघत होते, माझा पहिला अहवाल वाचताना बघत होते तसे.

"ही चूक नव्हती," मी अध्यक्षबाईंना म्हणाले. "फाईल मी न तपासता पुढे पाठवली, तेवढा दोष माझा, आणि जुन्या अहवालावरचा माझा शिक्का मी परत घेते. पण तक्ता जाणूनबुजून बदललेला आहे. तो आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख वंग मिंग-शिऊ यांनी बदलला."